डोंगरओढ्यातील खेकडे : ओळख, जीवनक्रम आणि भातखाचरातील बंदोबस्त

कोकण, मावळ आणि घाटमाथ्यावरील शेतकऱ्याला खेकडा नवा नाही. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की बिळात दडून बसलेले खेकडे बाहेर पडतात, रात्री वाटेवर, बांधावर, ओढ्याच्या काठावर फिरू लागतात आणि गावोगावची माणसे चूड किंवा बॅटरी घेऊन त्यांच्या मागे निघतात. कुणी त्याला मुठा म्हणतात, कुणी किरवा, कुणी कुर्ली, तर कुणी नुसताच खेकडा. जेवणाच्या ताटात तो सर्वांना आवडतो. पण तोच खेकडा भातखाचराच्या बांधाला भोक पाडतो तेव्हा शेतकऱ्याची झोप उडवतो.

खेकड्याशी असलेले आपले हे दुहेरी नाते लक्षात घेऊनच त्याचा बंदोबस्त ठरवावा लागतो. दिसेल तो खेकडा मारणे हा उपाय नव्हे. आणि बांध फुटेपर्यंत दुर्लक्ष करणे हेही शहाणपणाचे नाही. त्यासाठी हा प्राणी कसा जगतो, कसा वाढतो, किती पिल्ले देतो हे आधी समजून घेणे जरूर आहे. प्रस्तुत लेखात ही माहिती देण्याचा प्रयत्न केला आहे.

खेकड्यांचे कूळ

जगात गोड्या पाण्यात राहणाऱ्या खेकड्यांच्या तेराशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. शास्त्रज्ञ त्यांची पाच कुळांत विभागणी करतात. आपल्या सह्याद्रीत आढळणारे ओढ्या-डोंगरातील खेकडे ज्या कुळात मोडतात त्याचे शास्त्रीय नाव जेकार्सिन्युसिडी असे आहे. भारत व श्रीलंकेपासून आग्नेय आशिया, न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियापर्यंत हे कूळ पसरलेले आहे. उष्ण व पावसाळी प्रदेशातील डोंगर, झरे, ओढे, पाणथळ जागा आणि भातखाचरे ही त्यांची मुख्य वस्तिस्थाने होत.

या कुळाच्या इतिहासाशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. दख्खनमध्ये सरकारी पाहणीचे काम करणारे इंग्रज अधिकारी साईक्स यांनी येथील बीळ करणाऱ्या खेकड्याकडे लक्ष वेधले आणि १८३६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. आज तो बॅरीटेल्फुसा कुनिक्युलॅरिस या नावाने ओळखला जातो. यातील दुसऱ्या शब्दाचा संबंधच बिळाशी आहे. ज्या जेकार्सिन्युकस प्रजातीवरून सर्व कुळाला नाव मिळाले, तिच्या एका जातीला फ्रेंच निसर्गअभ्यासक व्हिक्टर जॅकमाँ यांचे नाव १८४४ मध्ये देण्यात आले. जॅकमाँ यांचे १८३२ मध्ये मुंबईत निधन झाले होते.

नव्या जाती सापडण्याचे काम अजूनही चालू आहे. सह्याद्रीतील लहान, भडक रंगाच्या खेकड्यांसाठी २०१४ मध्ये ‘घाटियाना’ ही नवी प्रजाती निर्माण करण्यात आली. हे नाव घाटावरूनच पडले. २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून एकाच वेळी पाच नव्या जातींचे वर्णन झाले. केरळमध्ये २०१७ मध्ये याच कुळातील एक खेकडा वर्णिला गेला, तो चक्क झाडाच्या ढोलीत साठलेल्या पाण्याच्या आधाराने राहतो. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातून २०२२ मध्ये पांढऱ्या व जांभळ्या अशा दोन रंगांचा खेकडा नोंदला गेला. यावरून आपल्या परसातला ओढा किती समृद्ध आहे याची कल्पना यावी.

शरीररचना व नर-मादी ओळख

खेकड्याला पायांच्या पाच जोड्या असतात. पहिली जोडी म्हणजे नांग्या अथवा डेंगे. खाणे, पकडणे, भांडणे आणि माती उकरणे ही कामे त्याने होतात. पुष्कळदा एक डेंगा दुसऱ्यापेक्षा मोठा असतो. बाकीच्या चार जोड्या चालण्यासाठी असतात. डोळे देठावर असून गरज पडेल तेव्हा खोबणीत मिटून घेता येतात.

खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो. परंतु या कुळातील अनेक जातींमध्ये कल्ल्यांच्या पोकळीचे अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेले असते व ते फुप्फुसासारखे काम करते. म्हणून शरीर ओलसर राहिले तर हा खेकडा पाण्याबाहेर बराच काळ जगू शकतो. पावसाळी रात्री तो ओढा सोडून बांधावर, रानात दूरवर भटकतो त्याचे कारण हेच. त्याला वाहते पाणी सतत लागतेच असे नाही, पण ओल मात्र लागतेच.

नर व मादी ओळखणे सोपे आहे. खेकडा उताणा धरून पाहावा. पोटाखाली दुमडलेली झडप अरुंद असेल तर तो नर आणि रुंद, गोलसर असून पोटाचा बहुतेक भाग झाकत असेल तर ती मादी होय. ही ओळख प्रत्येक शेतकऱ्याने व पकडणाऱ्याने शिकून घ्यावी, कारण पुढे सांगितलेल्या उपायांसाठी तिचा उपयोग होणार आहे.

खेकड्याचे कवच वाढत नाही. त्यामुळे वाढीसाठी त्याला ठराविक काळाने कात टाकावी लागते. जुने कवच फुटते, आतून मऊ शरीराचा खेकडा बाहेर येतो आणि नवे कवच टणक होईपर्यंत तो बिळात किंवा दगडाखाली लपून राहतो. तुटलेला पाय किंवा डेंगा पुढच्या काती टाकताना हळूहळू पुन्हा येतो.

जीवनक्रम : थोडी अंडी, संथ वाढ

खाडीतील चिंबोरी आणि ओढ्यातील खेकडा यांत सर्वांत मोठा फरक प्रजननाचा आहे. खाडीची चिंबोरी एका वेळी लाखांनी अंडी देते. त्या अंड्यांतून डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या निघतात, त्या समुद्रात तरंगत वाढतात आणि अनेक अवस्थांनंतर त्यांचा खेकडा होतो. त्यांपैकी बहुतेक माशांच्या पोटात जातात; म्हणूनच निसर्गाने संख्या मोठी ठेवली आहे.

ओढ्यातल्या खेकड्याने वेगळा मार्ग धरला आहे. त्याला समुद्राची गरज नाही. मादी थोडी पण मोठी, बलकाने भरलेली अंडी देते. त्यांची संख्या जातीप्रमाणे काही डझनांपासून काही शेकड्यांपर्यंत असते. ही अंडी ती पोटाखालच्या रुंद झडपेत चिकटवून सांभाळते. अळीच्या अवस्था अंड्यातच पूर्ण होतात व बाहेर येतो तो मोहरीएवढा पण पुरता खेकडा. पिल्लेही काही दिवस आईच्या झडपेखालीच राहतात आणि मग ओढ्यात, खाचरात विखुरतात. आपल्याकडे अंडी किंवा पिल्ले असलेल्या माद्या पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यांत विशेष दिसतात.

याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की अंडी धरलेली एक मादी पकडली तर त्या ओढ्यातील पुढच्या हंगामाची बरीच पिल्ले गेली. दुसरा असा की हा खेकडा दूर पसरत नाही. समुद्रातील अळ्या प्रवाहाबरोबर शेकडो मैल जातात. ओढ्यातले पिल्लू मात्र आईजवळच वाढते. त्यामुळे एका डोंगराची जात शेजारच्या डोंगरावर नसते, असे पुष्कळदा आढळते. एखाद्या सड्यावर चिऱ्याची खाण सुरू झाली किंवा एक झरा आटला, तरी तेथील जात कायमची जाऊ शकते.

ओढ्यातील उपयोग

खेकडा सर्वभक्षी आहे. कुजकी पाने, शेवाळ, गांडुळे, गोगलगायी, मेलेले मासे व किडे असे सर्व तो खातो. जंगलातून ओढ्यात पडलेली पाने तो कुरतडून बारीक करतो. त्यावर पुढे लहान किडे आणि सूक्ष्मजीव जगतात, आणि त्यांच्यावर मासे. खेकडा स्वतः वाम मासा, बगळा, खंड्या, घोरपड, मुंगूस आणि पाणमांजर यांचे खाद्य आहे. बिळे केल्यामुळे काठाच्या मातीत हवा व पाणी खेळते. म्हणजे ओढ्याच्या व्यवहारात खेकडा हा झाडूवाला आहे आणि अनेकांचा अन्नदाताही आहे.

डोंगरातील कातकरी, ठाकर, महादेव कोळी अशा समाजांना पावसाळ्यात, घरात धान्य कमी असते त्या दिवसांत, खेकड्यांपासून प्रथिने व चुना मिळतो आणि बाजारात विकून चार पैसेही मिळतात. ओढ्यातील खेकडा संपला तर पहिला फटका या घरांना बसतो.

भातखाचरातील नुकसान

खेकड्यांमुळे भातशेतीचे नुकसान मुख्यत्वे दोन प्रकारे होते.

१) बांधाला भोके पडणे : खेकडा ओल लागेपर्यंत बीळ नेतो. बीळ बांधाच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूला किंवा खालच्या खाचरात उघडले की पाणी वाहू लागते. सुरुवातीला बोटाएवढी असलेली धार माती घेऊन जाते, भोक रुंद होते आणि एका रात्रीत बांध ढासळतो. पाण्याबरोबर टाकलेले खत निघून जाते आणि उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतीत वरचा बांध फुटला की खालचेही फुटतात.

२) रोपे कातरणे : लावणीनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत कोवळी रोपे खेकडे डेंग्याने कापतात. कापलेले तुकडे पाण्यावर तरंगताना दिसतात. नुकसान बहुधा बांधालगतच्या ओळींत जास्त असते. रोप मुळावले आणि फुटवे आले की हा त्रास आपोआप कमी होतो.

बीळ खेकड्याचे की उंदराचे हे नीट पाहावे, कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत. खेकड्याच्या बिळाच्या तोंडाशी ओल्या चिखलाचे गोळे पडलेले असतात व बीळ पाण्याच्या पातळीजवळ असते. उंदराच्या बिळाशी सुटी, भुसभुशीत माती असते, बिळाला अनेक तोंडे असतात आणि पीक मोठे झाल्यावरही चुडे तिरपे कापलेले आढळतात.

बांधाच्या गळतीकडे दुर्लक्ष करू नये, याचे एक दुःखद स्मरण येथे करून देणे आवश्यक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे येथील मातीचे धरण फुटले व अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांमुळे गळती झाल्याचे विधान केले आणि त्यावर राज्यभर टीका झाली. गळतीची तक्रार आपण आधीच केली होती, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते. खेकडा बीळ करणारच. तो त्याचा स्वभाव आहे. गळती वेळीच पाहणे, ती बुजवणे आणि तक्रारीची दखल घेणे हे मात्र माणसाचे काम आहे. खाचराचा बांध असो की धरण, मातीच्या कामाला देखभालीवाचून आयुष्य नाही.

बंदोबस्ताचे उपाय

बांधातला खेकडा आणि ओढ्यातला खेकडा यांचा विचार वेगवेगळा करावा. बांधाचे रक्षण करायचे आहे. ओढा रिकामा करायचा नाही.

१) पावसापूर्वी बांधांची डागडुजी करावी. बिळे खणून उघडी करावीत, आत दगड-गोटे व चिकणमाती भरून चांगली ठोकून घ्यावी. वरवर माती लोटल्यास खेकडा दुसऱ्या दिवशी ती बाहेर काढतो.

२) बांध अरुंद ठेवू नये. दरवर्षी बांध तासून पेरणीसाठी चार बोटे जागा मिळते, पण बांध पातळ झाल्यामुळे बीळ आरपार जाण्यास सोपे पडते.

३) चिखलणीच्या वेळी बांधाची आतील बाजू चिखलाने लिंपून घ्यावी. बांधावरील दाट गवत कापून ठेवावे, म्हणजे नवी बिळे लगेच दिसतात. गवत मुळासकट मात्र उपटू नये. मुळे माती धरून ठेवतात.

४) लावणीनंतर रोपे रुजेपर्यंत खाचरात पाणी उथळ ठेवावे.

५) थोडी रोपे राखून ठेवावीत व आठ-दहा दिवसांत नांग्या भरून घ्याव्यात. खेकड्याच्या नांगीने पडलेली नांगी वेळेवर भरली तर उत्पादनात फारशी घट येत नाही.

६) रात्री उजेडाच्या साहाय्याने बांधावरील खेकडे हाताने वेचावेत. तोंड जमिनीच्या पातळीत येईल असे मडके बांधालगत पुरून त्यात कोंडा किंवा सुक्या मासळीचा तुकडा ठेवल्यास खेकडे आत पडतात व गुळगुळीत कडांमुळे वर येऊ शकत नाहीत. सकाळी मडकी तपासावीत. शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात वेचणी केल्यास फायदा जास्त होतो.

७) वेचलेल्या खेकड्यांत अंडी किंवा पिल्ले असलेली मादी आढळल्यास ती शेतापासून दूर, खालच्या अंगाला ओढ्यात सोडावी.

विष का टाळावे ?

बिळात कीटकनाशक ओतणे किंवा ओढ्यात औषध टाकून मासे-खेकडे पकडणे हे प्रकार काही ठिकाणी चालतात. ते पूर्णपणे टाळावेत. भाताच्या पाण्यात पडलेले विष बांधावर थांबत नाही; ते वहाळात जाते. त्याच वहाळावर खालच्या वाडीची गुरे पाणी पितात, बाया कपडे धुतात, कधी पिण्याचे पाणीही तेथूनच भरले जाते. विषाने अर्धमेला झालेला खेकडा सहज हाती लागतो आणि तोच कुणाच्या तरी चुलीवर जातो. कोंबड्या, बदके, कुत्रीही अशा आमिषाला बळी पडतात. शिवाय विषाने भातावरील किडी खाणारे बेडूक, मासे आणि कोळी मरतात. म्हणजे एक शत्रू मारताना दहा मित्र जातात. पाण्यात विष किंवा स्फोटके टाकून मासे मारणे कायद्यानेही गुन्हा आहे.

खाताना घ्यावयाची काळजी

खेकडा नेहमी पूर्ण शिजवूनच खावा. गोड्या पाण्यातील काही खेकड्यांच्या मांसात फुप्फुसातील चपट्या कृमीची पिल्ले असतात. रोग्याच्या थुंकीतून किंवा शौचातून या कृमीची अंडी पाण्यात जातात, तेथून गोगलगाईत व पुढे खेकड्यात वाढतात आणि कच्चा किंवा अर्धकच्चा खेकडा खाणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात पोहोचतात. भारतात मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेश या भागांत हा रोग विशेष आढळला आहे. यात जुनाट खोकला येतो, थुंकीतून रक्त पडते व रोग क्षयासारखा दिसतो. त्यामुळे क्षयाची औषधे घेऊनही गुण न आल्यास रोग्याने खेकडे खाल्ल्याची माहिती डॉक्टरांना अवश्य सांगावी. योग्य निदान झाल्यावर औषधाने हा रोग बरा होतो.

निखाऱ्यावर वरवर भाजलेला खेकडा मुलांना देऊ नये. खेकड्याचा कच्चा रस औषध म्हणून पाजू नये. खेकडे साफ केलेली पाटी, विळी व हात स्वच्छ धुवावेत. मेलेला, वास येणारा खेकडा खाऊ नये.

खेकडापालनाबाबत

खेकडापालनाच्या योजनांची माहिती घेताना एक गोष्ट स्पष्ट असावी. खाडीच्या मचव्यात किंवा तळ्यात ज्या मोठ्या चिंबोरीचे पालन होते ती निराळ्या कुळातील असून तिला खारे पाणी लागते. तिचे हिशेब ओढ्यातील खेकड्याला लावू नयेत. ओढ्यातील खेकडा थोडी अंडी देतो, सावकाश वाढतो आणि दाटीत ठेवल्यास कात टाकलेल्या मऊ भावंडांनाच खातो. ओढ्यातून पिल्ले गोळा करून टाकी भरली, तर ते पालन नव्हे. ती केवळ साठवण होय, आणि त्यात ओढाही रिकामा होतो.

गावाने पाळावयाचे नियम

जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत गोड्या पाण्यातील २३,४९६ जातींचा अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी सुमारे २४ टक्के जातींना नामशेष होण्याचा धोका असल्याचे दिसून आले; खेकडे, कोळंबी व त्यांच्या गटात हे प्रमाण सुमारे ३० टक्के आहे. प्रदूषण, धरणे व पाणी उपसा, शेतीसाठी जमिनीचा बदललेला वापर ही त्याची प्रमुख कारणे होत. आपल्या ओढ्यापुरते आपण पुढील नियम पाळू शकतो.

● अंडी किंवा पिल्ले असलेली मादी पकडू नये, विकू नये, विकतही घेऊ नये.
● लहान खेकडे सोडून द्यावेत.
● उन्हाळ्यात झऱ्यालगतची बिळे खणून खेकडे काढू नयेत. त्या वेळी ते ओलीच्या आधाराने तग धरून असतात.
● उलटलेला दगड पुन्हा जागेवर ठेवावा. दगडाखालची ओल हे त्याचे घर आहे.
● फवारणीचे पंप व डबे ओढ्यात धुऊ नयेत.
● झऱ्याच्या वरच्या अंगाची झाडी तोडू नये.

शेतकरी बंधूंनो, यांतील शेवटचा नियम खेकड्यापेक्षाही आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. ज्या झऱ्यात मार्च-एप्रिलपर्यंत ओल टिकते तेथे खेकडा टिकतो, आणि तेथेच वाडीच्या हंड्यालाही पाणी मिळते. बांध मजबूत ठेवावा, गळती रोजच्या रोज पाहावी, शेतातले खेकडे हाताने वेचावेत आणि ओढा स्वच्छ व वाहता राहू द्यावा. एवढे केल्यास भातही हाती येईल आणि मृगाच्या पावसात मुठ्यांचे कालवणही.